नदीला जागा हवी, पण ती कोणाच्या अंगणातून?

१९२७ साल म्हटले की आपल्याला महाड आठवते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले, ओंजळीत पाणी घेतले, आणि त्यांच्यामागून हजारो माणसे ते पाणी प्याली. पाणी निसर्गाचे असते, पण त्याच्यावरचा पहारा माणसाचा असतो आणि तो पहारा जात बसवते, हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले.

त्यानंतर बरोबर ३२ दिवसांनी, २१ एप्रिल १९२७ रोजी, अमेरिकेत मिसिसिपी नदीचा तटबंध माउंड्स लँडिंग या ठिकाणी फुटला. जवळच्या ग्रीनव्हिल गावातली सुमारे १३ हजार काळी माणसे उरलेल्या बांधाच्या चिंचोळ्या माथ्यावर अडकली. त्यांना न्यायला बोटी आल्या. त्या बोटींतून प्रामुख्याने गोरी कुटुंबे गेली. काळ्यांना मागे ठेवले गेले, कारण एकदा गेलेले मजूर परत येणार नाहीत, मग कापूस कोण वेचणार, ही मळेवाल्यांची भीती होती.

महाडला आपल्या माणसांना पाण्यापर्यंत जाऊ देत नव्हते. ग्रीनव्हिलला काळ्या माणसांना पाण्यापासून दूर जाऊ देत नव्हते. दोन्हीकडे निर्णय वेगळ्याच माणसांच्या हातात होता.

आज हे आठवायचे कारण वेगळे आहे. गेली काही वर्षे जगभर एक चांगला विचार मूळ धरतो आहे: नदीला भिंतींमध्ये कोंडू नका, तटबंध मागे सरकवा, नदीला पसरायला जागा द्या. आपल्यातले बरेच तरुण विचारतात, "पर्यावरण हा आपला विषय आहे का?" माझे म्हणणे असे की, हा आपलाच विषय आहे. तटबंध मागे सरकतो तेव्हा जुन्या आणि नव्या बांधाच्या मध्ये एक पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यात कोण राहते, तिथे त्यांना कोणी आणून टाकले आणि बांध सरकवण्याच्या बैठकीत त्यांना खुर्ची होती का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय "नदीला जागा द्या" ही घोषणा अर्धीच राहते. मिसिसिपीचा शंभर वर्षांचा इतिहास हेच सांगतो.

बांध का मागे सरकवायचा?

आधी त्यामागचे विज्ञान समजून घेऊ. नदी फक्त पाणी वाहत नाही. ती गाळ, वाळू, पालापाचोळा, माशांची अंडी असे सगळे घेऊन चालते. पुरात नदी काठ ओलांडून पसरते. पसरली की वेग मंदावतो, वेग मंदावला की गाळ खाली बसतो. हजारो वर्षे असाच गाळ बसून नदीकाठची काळी, कसदार जमीन तयार झाली. त्या उथळ पाण्यात मासे अंडी घालतात, पक्षी येतात, पाणथळ जागा भरतात आणि जमिनीत पाणी मुरते.

नदीला अगदी लगटून मातीचा उंच तटबंध घातला की हे सगळे थांबते. पसरायला जागा नसल्याने तेवढेच पाणी अरुंद वाटेतून जाते आणि त्याची पातळी चढते. मग बांध आणखी उंच करावा लागतो. समोरच्या काठावर पाणी चढले की तेही आपला बांध उंच करतात. काही ठिकाणी गाळ दोन बांधांच्या मध्येच साचून नदीचा तळ वर येतो. बांधाबाहेरच्या जमिनीला मात्र नवा गाळ मिळत नाही. आणि जितका बांध उंच, तितका तो फुटल्यावर घात मोठा. बुटका बांध फुटला तर अंगणात पाणी येते, उंच बांध फुटला तर घर वाहून जाते.

बांध मागे सरकवला की पात्र रुंद होते, त्याच पुराची पातळी उतरते, बांधावरचा मारा कमी होतो, गाळाला बसायला जागा मिळते आणि मासे, पाखरे, झाडे परत येतात. यात वाद घालण्यासारखे काही नाही. बांध फुटतो तेव्हा सर्वांत आधी मरतो तो गरीब, म्हणून या विज्ञानाचे स्वागत सर्वांत आधी आपणच केले पाहिजे.

हे विज्ञान नवीनही नाही. चार्ल्स एलेट या अभियंत्याने १८५२ सालीच अमेरिकी सरकारला सांगितले होते की, तटबंध वाढतील तसतशी मिसिसिपीच्या पुराची पातळीही वाढेल, म्हणून पाण्याला बाजूला वाटा द्या, वरच्या अंगाला साठे करा. त्याचे ऐकले गेले नाही. पुढे १८७९ साली मिसिसिपी नदी आयोग स्थापन झाला आणि जवळजवळ अर्धशतक "फक्त तटबंध" हेच धोरण चालले. बाजूच्या वाटा बंद करत नदीला भिंतींत कोंडत नेले. १९२७ साली त्याचा हिशेब झाला. सुमारे २७ हजार चौरस मैल जमीन पाण्याखाली गेली आणि सहा लाखांहून अधिक माणसे बेघर झाली.

बांध कोणी बांधला, बांधावर कोण राहिले?

हे तटबंध उभारण्यात सर्वांत मोठा घाम काळ्यांचा होता. आधी गुलाम, गुलामगिरी गेल्यावर तुरुंगातले कैदी, मग बांधावरच्या छावण्यांमधले मजूर. बांधाने राखलेली जमीन मात्र मळेवाल्यांची होती. आपल्याकडे ज्यांनी विहीर खणली त्यांनाच तिचे पाणी शिवू दिले नाही. तीच ही रीत.

१९२७च्या पुरानंतर रेड क्रॉसच्या छावण्यांत सव्वातीन लाखांच्या आसपास माणसे राहिली, त्यांत बहुसंख्य काळी होती. ग्रीनव्हिलच्या बांधावर काळ्या पुरुषांच्या अंगावर बिल्ले लावले गेले. बिल्ला नाही तर शिधा नाही. काम केले नाही तरी शिधा नाही. बंदूकधारी शिपायांचा पहारा होता, परवान्याशिवाय छावणी सोडता येत नव्हती. त्याच जुलैमध्ये, रात्रभर काम करून आलेल्या एका काळ्या माणसाने लगेच पुन्हा कामावर जायला नकार दिला म्हणून पोलिसाने त्याला गोळी घातली. छावण्यांमधल्या या वेठबिगारीबद्दल डू बॉइस संपादक असलेल्या 'द क्रायसिस' या मासिकाने १९२८मध्ये लिहिले. हे तेच डू बॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून कळवले होते की अमेरिकेतल्या निग्रोंचा आणि भारतातल्या अस्पृश्यांचा प्रश्न इतका सारखा आहे की त्याचा अभ्यास करणे गरजेचेच आहे. आपले आणि त्यांचे हे नाते दलित पँथरच्याही आधीचे आहे.

त्याच पुरात आणखी एक गोष्ट घडली. न्यू ऑर्लिन्स शहर वाचवायचे म्हणून २९ एप्रिल १९२७ रोजी शहराच्या खालच्या अंगाचा, कार्नार्व्हन इथला बांध सुरुंगाने उडवण्यात आला. शहरातल्या बँकवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी तो निर्णय रेटला. पाणी गेले सेंट बर्नार्ड आणि प्लॅकमिन्स या दोन परगण्यांतल्या गरीब मासेमार आणि शिकारी कुटुंबांच्या घरांत. पै न पै भरपाई देऊ असे वचन होते, पण हातात फारच थोडे पडले. लवकरच वरच्या अंगाला बांध आपोआप फुटले, म्हणजे हा सुरुंग लावायची गरजच नव्हती.

"नदीला जागा द्या" हा धडा इथून शिकला गेला. पण त्याबरोबर दुसराही धडा शिकला गेला: जागा द्यायचीच असेल तर दुबळ्याच्या दारातून द्या.

मागे सरकवलेला बांध आणि मधला पट्टा

१९२८ साली अमेरिकी संसदेने पूरनियंत्रणाचा मोठा कायदा केला. "फक्त तटबंध" हे धोरण सोडले. नव्या आराखड्यात मिसूरी राज्यातल्या बर्ड्स पॉइंट ते न्यू मॅड्रिड या भागात एक पूरवाट आखण्यात आली. समोरच इलिनॉय राज्यातले केरो शहर आहे आणि तिथेच ओहायो नदी मिसिसिपीला मिळते. दोन महानद्यांचे पाणी एका अरुंद गळ्यात अडकते, म्हणून तिथे जागा करून देणे आवश्यकच होते.

काय केले? नदीकाठचा जुना बांध ठेवला, पण काही ठिकाणी तो मुद्दाम कमी उंचीचा केला. त्याच्यामागे सरासरी पाच मैलांवर दुसरा, उंच बांध घातला. दोन बांधांच्या मध्ये सुमारे १,३०,००० एकरांचा पट्टा राहिला. नेहमीच्या वर्षी तिथे शेती करायची आणि महापुरात पुढचा बांध उडवून पाणी आत घ्यायचे. त्या वेळच्या जमीनमालकांना सरकारने पैसे दिले आणि त्यांच्या जमिनीवर पाणी सोडण्याचा हक्क विकत घेतला. मालकाला एकदा पैसे मिळाले, पाणी येण्याची टांगती तलवार मात्र त्या जमिनीला कायमची चिकटली.

या नव्या कामांवरचे मजूर कोण? पुन्हा काळेच. १९३२च्या डिसेंबरात रॉय विल्किन्स आणि जॉर्ज शायलर हे दोन काळे पत्रकार मजुरांच्या वेशात बांधावरच्या छावण्यांमध्ये शिरले. सरकारी पैशाने चाललेल्या कामावर ताशी १० सेंटच्या आसपास मजुरी, बारा-बारा तासांचा दिवस, आणि कंत्राटदाराच्याच दुकानातून चढ्या भावाने खरेदी. हे सारे त्यांनी उघडकीला आणले.

१९३७च्या जानेवारीत हा पुढचा बांध पहिल्यांदा उडवला गेला. दोन वर्षांनी, जानेवारी १९३९मध्ये, याच भागातल्या मळेवाल्यांनी वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबांना हुसकावून लावले. हजाराहून अधिक माणसे, बहुतेक काळी, भर थंडीत चूलभांडी घेऊन महामार्गांच्या कडेला बसली. ओवेन व्हिटफिल्ड या काळ्या धर्मोपदेशकाने हा लढा उभा केला होता. देशभर फोटो छापून आले, सरकारची लाज जाऊ लागली. तेव्हा आरोग्याला धोका असे कारण सांगून त्यांना रस्त्यावरून उचलले आणि त्यातल्या काहींना नेऊन टाकले ते याच पूरवाटेच्या जमिनीवर. नजरेआड!

गावकुसाबाहेरची वस्ती कशी तयार होते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. गावाचा उकिरडा जिथे, ओढ्याचे पाणी जिथे शिरते, तिथे आपली वस्ती असते. आपण ती जागा निवडलेली नसते, बाकीच्या सगळ्या जागा आपल्याला बंद असतात.

पिनहूक

१९४०च्या दशकात जिम रॉबिन्सन आणि आणखी काही काळ्या कुटुंबांनी या पूरवाटेत जमीन विकत घेतली. मळेवाल्याची वाट्याची शेती सोडून स्वतःच्या मालकीची जमीन कसायची, हे त्यांचे स्वप्न होते. पण त्या भागात काळ्यांना चांगली जमीन कोणी विकायला तयार नव्हते. मिळत होती ती दोन बांधांमधली, जिच्यावर पाणी सोडण्याचा हक्क सरकारने आधीच घेऊन ठेवला होता. त्या हक्काचे पैसे जुन्या मालकांच्या खिशात गेले होते. टांगती तलवार नव्या मालकांकडे आली.

त्यांनी जंगल तोडले, शेते काढली, घरे आणि चर्च बांधले. पिनहूक नावाचे गाव उभे राहिले. भरात असताना तिथे अडीचशेच्या घरात माणसे होती. शिकायला, नोकरीला बाहेर गेलेली पोरे सणाला गावी यायची. गोऱ्यांच्या मेहेरबानीवर न जगणारे गाव, ही त्या जिल्ह्यात साधी गोष्ट नव्हती. २०१०च्या जनगणनेत तिथे ३० माणसे उरली होती, पण गाव जिवंत होते.

२०११च्या वसंतात दोन्ही नद्या एकदम फुगल्या. केरोजवळ पाण्याने ६१ फुटांची पातळी ओलांडली. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने बांध उडवायची तयारी केली. मिसूरी राज्य सरकार कोर्टात गेले. वाद गेला सर्वोच्च न्यायालयापर्यंत, तिथे स्थगिती नाकारली गेली. या सगळ्या गदारोळात चर्चा होती १,३०,००० एकर शेतीची. मिसूरीच्या प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष तर, शेतीपेक्षा केरो बुडालेले बरे, अशा अर्थाचे बोलून गेले आणि नंतर त्यांना माफी मागावी लागली. केरो हे बहुसंख्य काळ्यांचे, गरीब शहर आहे. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात गोऱ्यांची शेते, दुसऱ्या पारड्यात काळ्यांचे शहर. पिनहूक कोणत्याच पारड्यात नव्हते. ते मोजलेच गेले नाही.

२ मे २०११च्या रात्री बांध उडवला. पिनहूक बुडाले. गावकऱ्यांचे म्हणणे असे की, गाव रिकामे करायला कोणी मदतीला आले नाही, त्यांनीच एकमेकांचे सामान ट्रकांत भरून एकमेकांना बाहेर काढले. डेव्हिड टॉड लॉरेन्स आणि इलेन लॉलेस या दोन अभ्यासकांनी त्यांच्याशी वर्षानुवर्षे बोलून २०१८ साली त्यावर पुस्तक लिहिले, म्हणून निदान ही बाजू नोंदली तरी गेली.

केरो वाचले, ते वाचायलाच हवे होते. पुढे काय झाले ते पाहा. बऱ्याच मळेवाल्यांनी त्याच वर्षी पाणी ओसरल्यावर सोयाबीन पेरले. २०१२ संपेपर्यंत अभियंता दलाने बांध पुन्हा पूर्ण उंचीचा करून दिला. पिनहूक मात्र पुन्हा उभे राहिले नाही. एकत्र, एकाच ठिकाणी गाव वसवून द्या, ही त्यांची मागणी कचेऱ्यांतून फिरत राहिली. काही कुटुंबांना जवळच्या सिक्स्टन शहरात घरे मिळेपर्यंत अनेक वर्षे गेली, आणि तोवर काही म्हातारी माणसे वाट पाहत गेली. मातीच्या बांधाला दीड वर्ष लागले, माणसांच्या गावाला तेवढ्यात जागा मिळाली नाही.

मासे विरुद्ध काळी माणसे?

इथे एक सापळा आहे, तो ओळखला पाहिजे. या पूरवाटेच्या खालच्या टोकाला, न्यू मॅड्रिडजवळ, बांधात सुमारे १,५०० फुटांचे खिंडार मुद्दाम ठेवलेले आहे. तिथून दर वर्षी नदीचे पाणी आत शिरते आणि मासे अंडी घालायला येतात. मिसूरी राज्यात मिसिसिपी आणि तिचे पूरमैदान यांचा असा नैसर्गिक संबंध आता जवळजवळ तेवढाच उरला आहे. मोठ्या शेतकऱ्यांना ते खिंडार बुजवून पंप बसवून हवे होते. त्यासाठी पिनहूक आणि ईस्ट प्रेअरीसारख्या गरीब वस्त्यांची नावे पुढे करण्यात आली: बघा, तुमच्या माशांसाठी ही बिचारी माणसे पाण्यात राहतात! २००७ साली एका फेडरल न्यायाधीशाने ते काम थांबवले आणि झालेले बांधकाम काढायला लावले.

पाण्याच्या मागणीत पिनहूकचे नाव वापरले गेले, पण पाणी सोडताना ते नाव कोणाला आठवले नाही. गरिबाला ढाल म्हणून पुढे करायचे आणि लाभ बड्यांनी घ्यायचा, ही खेळी आपल्याकडे आरक्षणापासून भूसंपादनापर्यंत सगळीकडे खेळली जाते. म्हणून कोणी "मासे की माणसे" असा प्रश्न टाकला की आपण उलट विचारावे: माशांना जागा देऊन माणसांना आधी सुरक्षित जागी गाव वसवून देण्याचा खर्च किती होता? तो का केला नाही?

ज्यांना खुर्ची मिळते त्यांचे काय होते?

असे होऊ शकते, हे त्याच मिसूरी राज्यात दिसले. २०१९च्या मार्चमध्ये मिसूरी नदीला पूर आला आणि राज्याच्या वायव्य टोकाच्या अ‍ॅचिसन परगण्यात तटबंध ठिकठिकाणी फुटले. या वेळी स्थानिक तटबंध मंडळ, जमीनमालक, अभियंता दल आणि निसर्ग संरक्षण संस्था एकत्र बसल्या. सुमारे पाच मैल लांबीचा बांध मागे सरकवायचा ठरला. मालकांकडून जमीन रीतसर विकत घेतली गेली आणि दोन-अडीच वर्षांत काम उरकले. एक हजार एकरांहून थोडी जास्त जमीन नदीला परत मिळाली. बर्ड्स पॉइंटसारखा पुढचा बांध ठेवून सुरुंगाची वाट पाहायची पद्धत इथे नव्हती. नदी इथे थोडी थोडी, दर पुरात पसरते.

नेदरलँड्समध्ये १९९५ साली पुराच्या भीतीने अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी तीसहून अधिक ठिकाणी नदीला जागा करून देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. नाइमेखनसमोर लेंट इथे बांध ३५० मीटर मागे नेला, त्यासाठी पन्नासएक घरे पाडावी लागली. ओव्हरडीप नावाच्या भागात शेतकऱ्यांनी स्वतःच आराखडा पुढे केला: बांध मागे घ्या, पण आमचे गोठे आणि घरे मातीच्या उंच ओट्यांवर नव्याने बांधून द्या. आठ शेतघरे तशी बांधली गेली, बाकीच्यांनी मोबदला घेऊन दुसरीकडे शेती केली.

विज्ञान तेच, नदीची गरजही तीच. फरक एवढाच की अ‍ॅचिसनमध्ये आणि ओव्हरडीपमध्ये पट्ट्यातली माणसे बैठकीत बसली होती. ती मालक होती, मतदार म्हणून त्यांची किंमत होती. पिनहूकच्या माणसांकडेही मालकीचा कागद होता, पण वंशाने त्या कागदाची किंमत कमी करून ठेवली होती.

दामोदर आणि बाबासाहेब

आपल्या देशातही हे घडले आहे. बंगालच्या दामोदर नदीला दोन्ही काठांनी बांध होते. १८५०च्या दशकात इंग्रजांनी डाव्या काठाचा बांध भक्कम केला, कारण त्या बाजूला ग्रँड ट्रंक रोड होता, राणीगंजच्या कोळशाची नवी रेल्वे होती. नदीला जागा द्यायची म्हणून उजव्या काठाचा सुमारे वीस मैलांचा बांध काढून टाकला. उजव्या काठाची खेडी वर्षानुवर्षे बुडत राहिली. डाव्या काठाला पुराचा गाळ आणि ताजे पाणी मिळेनासे झाले, जमिनीचा कस गेला, डबकी साचली आणि हिवतापाने वर्धमान जिल्हा पोखरला. नुकसान दोन्ही काठांच्या कुळांचे, सुरक्षित राहिली ती रेल्वे.

जुलै १९४३मध्ये तोच भक्कम बांध फुटला, रेल्वे आणि रस्ता दोन्ही तुटले. चौकशी समिती नेमली, तिच्यात मेघनाद साहा होते, ज्यांनी विद्यार्थीदशेत वसतिगृहात जातीचा अपमान सोसला होता. आणि या प्रश्नाची सूत्रे व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळातले मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांकडे होती. पाटबंधारे आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती. १९४५ साली कलकत्त्याला त्यांनी दामोदरच्या परिषदा घेतल्या. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकला ओरिसाच्या नद्यांबद्दल बोलताना त्यांनी बांध घालून पाणी समुद्राकडे हाकलण्याच्या जुन्या विचारावर टीका केली. पूर हा शत्रू समजणे चूक आहे, माणसाला पाण्याच्या अतिरेकापेक्षा अभावाने जास्त सोसावे लागते, पाणी ही लोकांची संपत्ती आहे, असा त्यांचा रोख होता.

प्रामाणिकपणे सांगायचे तर बाबासाहेबांचे उत्तर बहुउद्देशीय धरणे हे होते, तटबंध मागे सरकवणे हे नव्हते. त्या काळी अमेरिकेच्या टेनेसी खोऱ्याचा नमुना जगासमोर होता. पुढे त्या धरणांनी आदिवासींना आणि दलितांना विस्थापित केले, हेही खरे आहे. बाबासाहेबांचे प्रत्येक तांत्रिक मत शिरोधार्य मानणे म्हणजे आंबेडकरवाद नव्हे. त्यांच्याकडून घ्यायची ती दृष्टी: नदीचा प्रश्न एका काठाच्या सोयीने सोडवायचा नाही, सगळ्या खोऱ्याचा आणि सगळ्या माणसांचा विचार करायचा.

याच काळातले त्यांचे दुसरे म्हणणे इथे लागू पडते. १९४७च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी केली. जोवर आपला माणूस गावाच्या दयेवर, गावाने दिलेल्या जागेवर राहतो, तोवर त्याला स्वातंत्र्य नाही, हे त्यांना कळले होते. पिनहूकच्या माणसांनी स्वतःच्या बळावर तशीच वसाहत उभी केली होती. पण राज्यव्यवस्था पाठीशी नसेल तर शोषितांच्या वाट्याला येणारी जमीन ही दोन बांधांमधलीच असते. म्हणून बाबासाहेबांनी ती जबाबदारी राज्यावर टाकली होती, कोणाच्या दानतीवर नाही.

आपण काय मागायचे?

आपल्याकडे निळी आणि लाल पूररेषा नकाशावर आखल्या जातात. नदीला तिची जागा परत द्या, ही मागणी आता शहरांतही होते आहे. बरोबर आहे. पण त्या रेषेच्या आत एकीकडे भराव टाकून उभ्या राहिलेल्या इमारती असतात आणि दुसरीकडे पत्र्याच्या वस्त्या. बुलडोझर आधी कुठे वळतो, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून नदीच्या बाजूने बोलताना आपल्या अटी स्पष्ट असाव्यात. रेषा आखण्याआधी तिच्या आत कोण राहते, याची जातवार आणि उपजीविकेसह गणना करा, पिनहूकसारखे कोणी मोजायचे राहू नये. भरपाई फक्त सातबाऱ्यावर नाव असलेल्याला देऊ नका, भूमिहीन मजूर, कूळ, भाडेकरू, मासेमार यांनाही द्या. निर्णयाच्या बैठकीत त्यांचे निवडलेले प्रतिनिधी बसवा. आणि हलवायचे असेल तर आधी नवे गाव, मग पाणी, आणि वस्ती एकत्रच वसवा, कारण एकेक घर विखुरले की माणसे वाचतात पण समाज बुडतो.

नदीला जागा द्यायचीच आहे. तिच्याशी आपले वैर नाही, चवदार तळ्यापासून आपण पाण्याशी नाते जोडायलाच लढतो आहोत. पण ती जागा ठरवण्याच्या बैठकीत आपण नसलो, तर ती आपल्याच अंगणातून जाईल.

जय भीम!